पंचांशी वाद घालण्याचीही रीत असते

शालेय सॉफ्टबॉल सामन्यांत हमखास पाहायला मिळणारा एक प्रसंग आहे. डावात अद्याप कोणी बाद झालेले नाही. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर फलंदाजी करणाऱ्या संघाच्या मुली उभ्या आहेत. तिसऱ्या मुलीने टोलावलेला चेंडू पिचरच्या मागे उंच उडतो. चेंडू हवेत असतानाच पंच हात वर करून घोषणा करतात, 'इनफिल्ड फ्लाय, बॅटर आउट!' आणि नेमका त्याच वेळी शॉर्टस्टॉपच्या हातून झेल सुटतो. बेसवरच्या मुली गोंधळून धावत सुटतात, त्यांतली एक टॅग होते, आणि त्या संघाचे प्रशिक्षक तरातरा मैदानात शिरतात. झेल सुटला, तर बॅटर आउट कशी? पंचांना नियम तरी ठाऊक आहेत का? कडेला उभे असलेले पालक सुरात सूर मिसळतात. बारा-तेरा वर्षांच्या अठरा मुली उन्हात उभ्या राहून हे सारे पाहत असतात.

वस्तुतः पंचांचा निर्णय अचूक असतो. दोनपेक्षा कमी खेळाडू बाद असतील, पहिला व दुसरा बेस किंवा तिन्ही बेस व्यापलेले असतील आणि आतल्या फळीतल्या क्षेत्ररक्षकाला सहज घेता येईल असा उंच झेल उडाला असेल, तर झेल टिपला जावो वा न जावो, फलंदाज बाद. हा नियम विचित्र वाटतो खरा. पण त्यामागे साधा न्याय आहे. झेल सुटला तर बेसवरच्या खेळाडूंना पुढे पळणे भाग पडते, आणि झेल घेतला तर त्यांना बेसवरच थांबावे लागते. म्हणजे एखाद्या धूर्त क्षेत्ररक्षकाने सोपा झेल मुद्दाम सोडला, तर एकाच्या जागी दोन बळी मिळतील आणि बेसवरच्या बिचाऱ्या खेळाडूंना काय करावे हे कळण्याचा मार्गच उरणार नाही. नियमाने ही फसवणूक अशक्य करून टाकली आहे. फलंदाज बाद घोषित होताच मागच्यांवरची पळण्याची सक्ती संपते. पळालेच, तर ते स्वतःच्या जबाबदारीवर. प्रशिक्षकाने हे मुलींना सरावात शिकवले असते, तर त्या धावल्याच नसत्या. चूक पंचांची नव्हती, प्रशिक्षकाची होती. आणि बहुधा म्हणूनच त्याचा आवाज सर्वांत मोठा होता.

सॉफ्टबॉल हा खेळ तसा महाराष्ट्राला परका राहिलेला नाही. १८८७ साली शिकागोतल्या एका बोट क्लबच्या सभागृहात थट्टेथट्टेत जन्मलेला हा खेळ आज राज्याच्या अनेक जिल्ह्यांत शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर खेळला जातो आणि शिवछत्रपती पुरस्कारांच्या याद्यांतही सॉफ्टबॉलपटूंची नावे आढळतात. १९९६ ते २००८ या काळात ऑलिम्पिकमध्ये आणि पुन्हा २०२१ साली टोकियोत महिलांचा सॉफ्टबॉल खेळला गेला. खेळ आला, पण त्याची वाद घालण्याची पद्धत मात्र आलीच नाही. ती आपण क्रिकेटच्या मैदानावरून, किंवा खरे सांगायचे तर क्रिकेटच्या दूरचित्रवाणीवरील चर्चांमधून उचलली.

सॉफ्टबॉलच्या नियमावलीत वादाला जागा आहे, आणि ती चांगली प्रशस्त आहे. मात्र तिला कुंपण आहे. पंचांचे निर्णय दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार डोळ्यांनी पाहून द्यावयाच्या निर्णयांचा. चेंडू स्ट्राइक होता की बॉल, धावणारी खेळाडू बेसवर आधी पोहोचली की चेंडू, झेल सहज घेण्याजोगा होता की नाही. या निर्णयांवर हरकत चालत नाही. पंच चुकले असले, तरीही चालत नाही. दुसरा प्रकार नियमाच्या वापराचा. समजा, फक्त पहिल्या बेसवर खेळाडू असताना पंचांनी इनफिल्ड फ्लाय जाहीर केला, किंवा पहिला बेस मोकळा असून तिसरी स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटली आणि तरी फलंदाजाला पहिल्या बेसकडे पळू दिले नाही, तर तो नियमच चुकीचा लावला गेला. येथे प्रशिक्षकाला पूर्ण अधिकार आहे. त्याने पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वी 'टाइम' मागावा, पंचांजवळ जाऊन नेमका नियम सांगावा, आणि समाधान झाले नाही तर हरकत नोंदवावी. पंचांनी ती प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाला आणि गुणलेखकाला कळवावी. डाव कितवा, किती बाद, कोणत्या बेसवर कोण, फलंदाजाचे बॉल व स्ट्राइक किती, हे सारे त्याच क्षणी लिहून घ्यावे. पुढे हरकत मान्य झाली, तर सामना नेमका त्या बिंदूपासून पुन्हा खेळवता यावा म्हणून ही खबरदारी.

आपल्याकडे उलटे चित्र दिसते. जेथे हरकत चालत नाही तेथे अर्धा तास गोंधळ होतो, आणि जेथे ती चालते तेथे प्रशिक्षकाला नियमाचे पुस्तक उघडून दाखवता येत नाही. पुढचा चेंडू टाकला जातो आणि हक्काची संधी निघून जाते. मग सामना संपल्यावर आयोजकांच्या टेबलाभोवती गर्दी.

स्ट्राइक आणि बॉल यांवरून होणाऱ्या कुरबुरीविषयी तर बोलायलाच नको. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर आणि होम प्लेट यांतले अंतर ४३ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर. उत्तम पिचरचा चेंडू ताशी ११० किलोमीटरच्या वेगाने येतो, तेव्हा तो अर्ध्या सेकंदाच्या आत प्लेटवरून निघून गेलेला असतो. प्लेट अवघी १७ इंच रुंद. चेंडू तिच्या कडेवरून गेला का, फलंदाजाच्या काखेच्या आणि गुडघ्याच्या मर्यादेत होता का, वळला तो प्लेटच्या आधी की नंतर, हे कॅचरच्या खांद्यावरून वाकून पाहणाऱ्या एका माणसाने एका सामन्यात शे-दोनशे वेळा ठरवायचे असते. प्रशिक्षक डगआउटमध्ये, म्हणजे बाजूला बसलेला असतो. चेंडूची उंची त्याला थोडीफार कळेल. पण चेंडू आत होता की बाहेर, हे त्या जागेवरून दिसणेच शक्य नाही. तरीही आरडाओरडा होतो तो बहुधा आत-बाहेरवरूनच.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. सॉफ्टबॉलच्या पंचांना काही वेळा गप्प राहण्याचा नियम आहे. धावताना एखादी मुलगी बेसला पाय न लावता पुढे गेली, हे पंचांनी स्वच्छ पाहिले, तरी त्यांनी आपणहून ते बोलायचे नसते. प्रतिस्पर्धी संघाने अपील केले, तरच निर्णय द्यायचा. चुकीच्या क्रमाने फलंदाजी झाली, तरी तसेच. तसेच, चेंडू हातात नसताना क्षेत्ररक्षकाने धावणाऱ्या खेळाडूची वाट अडवली, तर पंच डावा हात आडवा धरून खूण करतात, पण खेळ थांबवत नाहीत. चाललेला खेळ संपला की मगच त्या खेळाडूला ती जेथवर पोहोचली असती तो बेस बहाल करतात. ज्याला ही खूण ठाऊक नाही, त्याला वाटते की पंचांनी अन्याय डोळ्याआड केला. अज्ञानाची भरपाई संतापाने करण्याचा हा प्रकार केवळ खेळापुरता नाही, पण तो विषय निराळा.

नियमाचा शब्द आणि नियमाचा हेतू यांतला झगडा कसा हाताळावा, याचे एक विलक्षण उदाहरण सॉफ्टबॉलच्या थोरल्या भावंडाच्या, बेसबॉलच्या, इतिहासात आहे. २४ जुलै १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर कॅन्सस सिटी रॉयल्स हा संघ नवव्या डावात ३-४ असा मागे होता. दोघे बाद झालेले. जॉर्ज ब्रेट याने चेंडू थेट मैदानाबाहेर धाडला, दोन धावा झाल्या, रॉयल्स ५-४ असे पुढे गेले. त्याबरोबर यांकींचे व्यवस्थापक बिली मार्टिन शांतपणे पंचांकडे गेले आणि त्यांनी ब्रेटच्या बॅटकडे बोट दाखवले. पकड घट्ट राहावी म्हणून बॅटला चीडाचे डांबर लावतात. ते मुठीपासून १८ इंचांपेक्षा वर असू नये, असा नियम होता. पंचांनी ती बॅट १७ इंचांच्या होम प्लेटवर आडवी ठेवून मोजली. डांबर मर्यादेच्या बरेच वर होते. ब्रेटला बाद ठरवण्यात आले आणि सामना संपला. डोळे विस्फारून, हात फेकत पंचांच्या अंगावर धावून येणाऱ्या ब्रेटचे ते चित्रण आजही दाखवले जाते.

मार्टिन यांना ही बॅट आधीच खटकली होती. मोक्याची वेळ येईपर्यंत त्यांनी मौन पाळले, हे नंतर उघड झाले. नियमाची जाण आणि नियमाचा आदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसते. रॉयल्सने रीतसर हरकत नोंदवली. अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी ती मान्य केली. डांबराने बॅटची ताकद वाढत नाही. चेंडू खराब होऊ नये एवढ्यासाठी तो नियम आहे. तेव्हा अशी बॅट खेळातून बाजूला करावी, पण मारलेला फटका रद्द करण्याचा नियमाचा हेतू नाही, असा त्यांचा निवाडा होता. १८ ऑगस्टला सामना त्याच बिंदूपासून पुढे खेळवला गेला आणि रॉयल्स ५-४ असे जिंकले. मात्र हरकत मान्य करतानाच मॅकफेल यांनी ब्रेटला त्याच्या वर्तनाबद्दल सामन्यातून बाहेर काढले. त्याचे म्हणणे खरे ठरले होते, पण म्हणून त्याचे वागणे क्षम्य ठरले नाही. हा निवाडा रामशास्त्र्यांचे नाव घेणाऱ्या आपल्या समाजाला पटायला हरकत नसावी.

या कथेची शेपटी तर अधिकच बोधक. १८ ऑगस्टला खेळ सुरू होताच मार्टिन यांनी नवीनच अपील केले: ब्रेटने धाव पूर्ण करताना बेसना स्पर्शच केला नव्हता! त्या दिवशीचे पंच निराळे होते. जुलैतला तो प्रसंग त्यांनी पाहिलेलाच नव्हता. मार्टिन यांचा डाव बिनतोड वाटत होता. परंतु पंचांच्या प्रमुखाने खिशातून एक कागद काढला. मूळ सामन्यातील पंचांनी सही करून दिलेले ते प्रतिज्ञापत्र होते, सर्व बेसना स्पर्श झाल्याचे. मार्टिन काय विचारतील, याचा विचार पंचांनी आधीच करून ठेवला होता. पंचांचा दरारा शिट्टीने किंवा चढ्या आवाजाने निर्माण होत नाही. तो अशा पूर्वतयारीतून येतो.

आणि पंच चुकलेच तर? २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये आर्मांडो गलारागा या व्हेनेझुएलाच्या पिचरने लागोपाठ २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावा बाद झाला असता, तर बेसबॉलमधला दुर्मीळातला दुर्मीळ विक्रम त्याच्या नावावर लागला असता. तो फलंदाज पहिल्या बेसवर स्पष्टपणे बाद होता. पंच जिम जॉइस यांनी त्याला सुरक्षित ठरवले. गलारागा किंचित हसला आणि पुन्हा चेंडू टाकायला गेला. सामना संपल्यावर जॉइस यांनी चित्रीकरण पाहिले, डोळ्यांत पाणी आणून आपली चूक कबूल केली आणि गलारागाची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी जॉइस होम प्लेटमागे उभे राहणार होते. संघाच्या खेळाडूंची यादी पंचांकडे देण्याचे काम एरवी व्यवस्थापकाचे. त्या दिवशी ती घेऊन गलारागा स्वतः गेला. जॉइस पुन्हा डोळे पुसत होते. निर्णय मात्र बदलला गेला नाही. बेसबॉलच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनीही तो बदलण्यास नकार दिला. विक्रम गेला तो गेलाच.

प्रशिक्षकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या कर्तव्याचे उदाहरण शोधायला मात्र अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. फेब्रुवारी १९८१, मेलबर्न कसोटी. सुनील गावसकर ७० धावांवर असताना पंचांनी त्यांना लिलीच्या चेंडूवर पायचीत दिले. चेंडू बॅटला लागला होता, अशी गावसकरांची खात्री होती. संतापाच्या भरात त्यांनी जोडीदार चेतन चौहान यांनाही बरोबर घेऊन मैदान सोडण्यास सुरुवात केली. सीमारेषेवर संघाचे व्यवस्थापक धावत आले, त्यांनी चौहान यांना तेथेच थांबवून परत पाठवले आणि खेळ पुढे सुरू झाला. भारताने तो सामना ५९ धावांनी जिंकला. कपिलदेव यांनी दुखऱ्या पायाने गोलंदाजी करत २८ धावांत ५ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत आटोपला. त्या दिवशी सीमारेषेवर उभा असलेला तो माणूस खेळाडूंच्या संतापात वाहून गेला असता, तर भारताच्या नावावर विजयाऐवजी पळ काढल्याची नोंद झाली असती. गावसकरांनी पुढे आपल्या त्या कृतीबद्दल खेद व्यक्त केला, हे त्यांच्या मोठेपणाला शोभणारेच आहे.

अर्थात, सारा दोष प्रशिक्षकांच्या माथी मारणेही न्याय्य नाही. नियमच धूसर ठेवले, तर वाद अटळ असतो आणि तो दोष आयोजकांचा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यातील कबड्डीचा अंतिम सामना २८-२८ असा बरोबरीत असताना पवन सेहरावत चढाईला गेला. कोणाही बचावपटूला स्पर्श न होता तो लॉबीत गेला आणि त्याच्यामागे इराणचे खेळाडूही लॉबीत शिरले. जुन्या नियमाने एक निकाल लागत होता, नव्या नियमाने दुसरा. या स्पर्धेत कोणता नियम लागू, यावरून पंच स्वतःच निर्णय फिरवीत राहिले. दोन्ही संघ आळीपाळीने मैदानावर बसकण मारून बसले. जवळपास तासभर सुवर्णपदकाचा सामना खोळंबला. भारत ३३-२९ असा जिंकला, पण ज्या खेळाची मायभूमी म्हणून आपण मिरवतो, त्या खेळाच्या सर्वांत मोठ्या क्षणी जगाने पाहिले ते पंचांचे गोंधळलेले चेहरे. सामन्याआधी दोन ओळींचे परिपत्रक काढले असते, तर हे टळले असते.

जिल्हा पातळीवर ही अवस्था नित्याची आहे. पंच म्हणून उभा असतो तो कोणत्या तरी शाळेचा क्रीडाशिक्षक किंवा एखादा जुना खेळाडू. मानधन नाममात्र, ऊन पूर्ण. नियमावली इंग्रजीत, तिची सुधारित आवृत्ती येते तेव्हा ती प्रत्येकाच्या हाती पोहोचतेच असे नाही. सकाळी जो पंच असतो, तोच दुपारी स्वतःच्या संघाचा प्रशिक्षक असतो. म्हणजे सकाळी ज्याला त्याने बाद दिले, तो दुपारी त्याचा न्याय करणार. 'पंचामुखी परमेश्वर' म्हणणाऱ्या समाजाने पंचांना निदान एवढ्या पेचातून तरी सोडवावे. काही पंचही कमी नसतात. प्रशिक्षकाने अदबीने विचारलेला प्रश्नसुद्धा त्यांना अपमान वाटतो, बेसजवळच्या सहकारी पंचाला विचारून घेणे कमीपणाचे वाटते. वस्तुतः होम प्लेटमागच्या पंचाला बॅट पूर्ण फिरली की अर्ध्यात थांबली हे दिसले नसेल, तर त्याने बेसवरच्या पंचाला विचारावे अशी पद्धतच आहे.

आणि हा प्रश्न केवळ शिस्तीचा नाही. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडागुणांची सवलत आहे. मान्यताप्राप्त खेळात विभागीय सामना जिंकून राज्य स्पर्धेत जाण्याला म्हणूनच एखाद्या सामान्य कुटुंबात फार मोल असते. चुकीचा लावलेला एक नियम एखाद्या मुलीच्या आयुष्याची दिशा बदलू शकतो. त्यामुळे पालकांचा जीव टांगणीला लागतो, हे समजण्यासारखे आहे. पण तेवढ्यासाठीच हरकत कागदावर यायला हवी, कारण ओरडण्याची नोंद कोठेच होत नाही आणि त्यावर कोणालाही दाद देता येत नाही.

कागद सोडून केवळ ओरडण्याची वाट धरली की काय होते, हे अमेरिकेत दिसू लागले आहे. तेथील शालेय क्रीडा महासंघाच्या अंदाजाप्रमाणे २०१८-१९ नंतरच्या तीन-चार वर्षांत सुमारे ५०,००० पंच व सामनाधिकारी मैदान सोडून गेले. प्रशिक्षकांचा आणि त्याहूनही पालकांचा जाच हे एक मोठे कारण. एप्रिल २०२२मध्ये मिसिसिपी राज्यात बारा वर्षांच्या मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यानंतर एका खेळाडूच्या आईने महिला पंचाच्या तोंडावर ठोसा मारला. पंचांचा तुटवडा होता, म्हणून ती बाई त्या दिवशी उभी राहिली होती. मारणाऱ्या आईच्या अंगातल्या सदऱ्यावर 'वर्षातली सर्वोत्तम माता' अशा अर्थाची अक्षरे होती. त्यानंतर वर्षभराने न्यू जर्सीतील डेप्टफर्ड टाउनशिपच्या लहान मुलांच्या बेसबॉल लीगने एक नामी नियम केला. पंचांशी हुज्जत घालणाऱ्या प्रेक्षकाला मैदानावर येण्यास बंदी. पुन्हा यायचे असेल, तर त्याने आधी तीन सामन्यांत स्वतः पंच म्हणून उभे राहावे.

आपल्या जिल्हा संघटनांना यातले बरेच काही करता येण्याजोगे आहे. हंगामाच्या आरंभी प्रशिक्षकांची आणि पंचांची एकत्र एक दिवसाची उजळणी, नियमांचे सोप्या मराठीतले पुस्तक, गुणलेखकाच्या टेबलावर हरकतीचे छापील अर्ज, आणि सामन्यापूर्वी होम प्लेटजवळ दोन्ही प्रशिक्षकांना बोलावून त्या मैदानापुरते नियम सांगण्याची प्रथा. झाडाच्या फांदीला चेंडू लागला तर काय, शाळेच्या भिंतीपलीकडे गेला तर किती बेस, एवढे जरी आधी ठरले, तरी निम्मे तंटे उगवतच नाहीत. शासनाकडे हात पसरण्याची यासाठी गरज नाही. क्रीडाशिक्षकांपैकी चार-दोघांनी मनावर घेतले, तर येत्या हंगामातच ते होईल.

मग पुन्हा कधी तरी फक्त पहिल्या बेसवर खेळाडू असताना पंचांच्या तोंडून 'इनफिल्ड फ्लाय' निघून जाईल. प्रशिक्षक 'टाइम' मागेल, चालत येईल, पान काढून दाखवेल. पंच दुसऱ्या पंचाला बाजूला घेऊन दोन वाक्ये बोलतील. निर्णय बदलला तर ठीक; नाही बदलला तर ते गुणलेखकाकडे वळून सांगतील, 'चौथा डाव, एक बाद, पहिल्या बेसवर खेळाडू, हरकत नोंदवा,' आणि पिचरच्या हाती चेंडू देतील.